शनिवारी केस कापले

नेत्रा,

टेरेन्सला लायब्ररीजवळच्या अर्जंट केअर दवाखान्यात घेऊन चाललोय. तू गाडी चालवत असशील, म्हणून फोन केला नाही. तो चालतोय, बोलतोय.

ओटिसच्या सलूनमध्ये दर शनिवारी एक फार्मसिस्ट बसतो आणि ब्लॅक पुरुषांचं बीपी फुकट मोजतो. डॉक्टरकडे न जाणारी माणसंही केस कापायला येतातच. तुझा नवरा मात्र महिनाभर तेही टाळत होता. म्हणून आज मी म्हटलं, मला केस कापायचेत, तिथे सोड मला. शनिवारी केस कापलेले तुझ्या आईला चालायचे नाहीत, हे त्याला माहीत आहे. तरी त्याने गाडी काढली.

माझं झाल्यावर ओटिस त्याला म्हणाला, "सासऱ्याला ड्रायव्हर लागतो होय? बस इथे, हात पुढे कर." एकशे ब्याण्णव आणि एकशे अठरा. "बाबा, आय अ‍ॅम फाइन," हे चालूच होतं. चार दिवस डोकं दुखतंय, हे नंतर कबूल केलं. आता ओटिसच दुकान सोडून गाडी चालवतोय. इन्शुरन्सचं कार्ड घ्यायला घरी थांबलो.

तुझी आई शेवटचे तीन दिवस छातीत जळजळतंय म्हणत होती आणि मी तिला सोडा देत राहिलो. त्यामुळे आज उद्यावर टाकलं नाही.

सरळ तिकडेच ये, सावकाश. त्याला रागावू नकोस. येताना गाडीत त्याने माझा हात धरला होता. मी हे तुला सांगितलं, असं त्याला कळू देऊ नकोस.

बाबा