रोज चाळीस पानं

तुंगार्ली, लोणावळा
रविवार, सकाळ

प्रिय ताई,

घरात दोन-दोन फोन असताना हिला पत्र लिहायचं काय सुचलं, म्हणून तू आधी आकाशच्या तोंडाकडे बघशील. त्याला काही विचारू नकोस. माझा नवरा असून तो कायम तुझी बाजू घेतो, म्हणून त्याला मी काही सांगितलेलंच नाही. लिफाफा ताईच्या हातात द्यायचा, एवढंच बजावलंय. फोन मी तीनदा लावला होता. पण तू 'जेवलीस का गं' इथून सुरुवात करतेस, मग भाताच्या लोंब्यांचं सांगतेस, मग माझ्या औषधाचं विचारतेस, आणि माझ्या तोंडातलं तोंडातच राहतं. आज ते राहू द्यायचं नाही. सरळच लिहिते. मी तुझ्यावर जळते. गेले दोन महिने तर अशी जळतेय की घरात तुझं नाव निघालं तरी माझ्या हातून भांडं आपटतं.

तू म्हणशील, ही लहानपणापासून जळकीच. आहेच मी. आपल्या शेळीचं करडू माझ्या हातचा पाला हुंगायचं नाही आणि तुझ्या मागे मागे ओढ्यापर्यंत जायचं, तेव्हापासून आहे. दोघींनी मिळून दूध सांडलं तरी आईचा धपाटा मला आणि तुला नुसतं 'असू दे'. पुढे तू दहावीला गणितात राहिलीस, परत फॉर्म भरला नाहीस, मळवलीच्या बंगल्यांवर स्वयंपाकाला लागलीस. मी डी.एड. केलं, शाळेत बाई झाले. खरं सांगू? पहिल्या दिवशी हजेरीपट हातात घेतला तेव्हा मुलांच्या आधी तूच मला आठवलीस. वाटलं, चला, एक गोष्ट तरी अशी आहे जी माझी आहे आणि हिला जमणार नाही. शिकवायचं म्हटलं की प्रतीक्षाच, हे घरात सगळ्यांनी मान्य केलं होतं. तू तर सगळ्यांत आधी.

म्हणून मितूला शाळेतून काढलं तेव्हा मला भीती वाटली नाही. तिसरीत तिचं जे झालं ते तुला ठाऊक आहे. वाचायची पाळी आली की पहिल्याच अक्षराला अडकायची, मुलं खिदळायची, बाई 'बस खाली' म्हणून पुढच्या मुलाला उठवायच्या. मग रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. मी माझी नोकरी सोडली आणि म्हटलं, माझ्या पोरीला मी घरी शिकवते, बघू कोण हसतंय. दीड वर्ष झालं त्याला. मी वेळापत्रक केलं, भिंतीवर लावलं. घरी शिकवणाऱ्या आयांचा एक व्हॉट्सॲप गट आहे, त्यात शिरले. तिथे पुण्याची एक बाई रोज टाकते, आज आमच्या चिरंजीवांनी पन्नास पानं संपवली. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्या रात्री मी दहाची वीस पानं केली. किती वाचायचं हे मी असं ठरवलं बघ. मितूकडे बघून नाही, त्या बाईच्या पोराकडे बघून.

वीस पानं, आणि तीही मनात. मोठ्याने वाचायला मी तिला सांगणंच बंद केलं होतं. सुरुवातीला सांगायचे. ती माझ्यासमोर पुस्तक धरायची, 'प' वर अडायची, तिची मान ताणली जायची, आणि मला ते बघवायचं नाही. मग मी तो शब्द म्हणून टाकायचे. पुढचा अडला की पुढचा. तिला मदत होईल म्हणून, आणि खोटं कशाला बोलू, मला घाई असायची म्हणूनही. हळूहळू निम्मं पान मीच वाचलेलं असायचं. एक दिवस ती म्हणाली, आई, मी मनात वाचू? मला बरंच वाटलं. मग वही आली. तारीख, पुस्तकाचं नाव, पानं, बरोबरची खूण. वर्षभराची वही भरली, एक दिवस रिकामा नाही. गटावर मी तिचे फोटो टाकले, सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मग जुलैत मला टायफॉईड झाला आणि मितूला तुझ्याकडे ठेवली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून सहा पुस्तकं दिली होती, वही दिली होती, पेन बांधून दिला होता. अकरा दिवसांनी पोरगी परत आली तर गाल भरलेले, केसांना तेल, दोन घट्ट वेण्या. माझ्याकडे एक वेणी घालायची तर आळी गोळा करते! आणि वही कोरी. मी अंथरुणातून विचारलं, अकरा दिवसांत काहीच वाचलं नाहीस? ती म्हणाली, वाचलं ना, रोज वाचलं, सगळं मिळून चौदा पानं झाली. आणि हे सांगताना हसत होती. ताई, मी तिला झापलं. अकरा दिवसांत चौदा पानं घेऊन हसतेस काय म्हणून झापलं. कुठलं पुस्तक, कुणासमोर, काहीही विचारलं नाही. त्यानंतर शनिवार-रविवार आला की तिचं सुरू व्हायचं, बाबा, मला मावशीकडे सोडा. आकाश सोडायचा. मला वाटायचं, ओढ्यात खेकडे धरायला जाते.

ऑगस्टात जरा अंगात ताकद आली तशी तिला घ्यायला मीच निघाले. रविवार होता. मळवलीच्या फाटकापासून तुमच्या भाजेपर्यंत मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागलेली, धबधब्यावरून भिजून आलेली पोरं गाणी लावून बसलेली. मी चिखलातून चालत आले. तुझ्या घराला कडी होती. समोरचा भिमाजी गोठ्यातून म्हणाला, समदी विहारात हायत, वाचान चाललंय. मला वर्षावासाचं वाचन काय नवीन आहे? आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने, कामावरून आलेल्या बायका हातपाय धुऊन, पांढरं नेसून बसतात, एक जण धम्माचा ग्रंथ वाचते, बाकीच्या ऐकतात. यंदा वाचायचं काम तुझ्याकडे आहे हेही मला माहीत होतं. मी चप्पल काढली, पायरीवर पाय ठेवला, आणि आतून आवाज आला तो तुझा नव्हता.

तो आवाज मला ओळखायला वेळ लागला. आपल्या पोरीचा आवाज, ताई. वर्षभर मी तो वाचताना ऐकला नव्हता. मी दाराच्या फटीतून पाहिलं. चौरंगावर ग्रंथ, त्याचं पांढरं फडकं घडी करून बाजूला, मितू मांडी घालून बसलेली, आणि तिचा गुडघा तुझ्या गुडघ्याला टेकलेला. ती अडत होती. चांगली अडत होती, एकेका शब्दाला चार-चार वेळा. पण कुणीच तिला शब्द देत नव्हतं. शालूबाई तोंडाला पदर लावून वाट बघत बसली होती. तिला वाचता येत नाही, पुढे काय आहे ते तिला कुठून ठाऊक असणार? तिथल्या निम्म्या बायकांना ठाऊक नव्हतं. त्यांना खरंच ऐकायचं होतं, पुढे काय झालं ते. मितू कुणाकडे बघतसुद्धा नव्हती, बोट ओळीवर ठेवून त्या शब्दाशी झुंजत होती, आणि शब्द सुटला की सगळ्या बायका मान हलवायच्या. मग शालूबाई म्हणाली, पोरी, ह्ये पुन्यांदा वाच, मला समाजलं न्हाई. माझी मितू तेच अर्धं पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली. न सांगता, न कुरकुरता. मोठ्याने.

तू काय करत होतीस? काही नाही. मांडीवर हात ठेवून बसली होतीस. तेच माझ्या जिव्हारी लागलं. मी नोकरी सोडली, वेळापत्रकं केली, पाठ दुखेपर्यंत बसले, आणि तू नुसती बसली होतीस. नंतर मितूकडून कळलं की जुलैत ती आली त्या पहिल्याच संध्याकाळी तुझ्या चष्म्याची काडी मोडली, अक्षर दिसेना, म्हणून शालूबाईच म्हणाली की ही साळंतली पोर हाय की, हिला वाचू द्या. म्हणजे तू काही युक्तीही केली नव्हतीस! तुझा चष्मा मोडला आणि माझी पोरगी बोलायला लागली. कुठल्याही आईला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं ते आनंदाचं नव्हतं. माझ्या डोक्यात एकच आलं, की तुझे दोन पोरगे मोठे झाले, कामाला लागले, माझी ही एकच आहे, आणि तीही तुझ्या गुडघ्याला टेकून बसलीय.

मी आत आले नाही. पायरीवरून चप्पल उचलली आणि तुझ्या ओट्यावर जाऊन बसले. तुम्ही आलात तेव्हा मी आत्ताच आले म्हणून सांगितलं. तू चहा टाकलास, मी डोकं दुखतंय म्हटलं. परतीच्या गाडीत मितू खिडकीशी बसून गुणगुणत होती, आणि मी तिला सांगितलं, उद्यापासून चाळीस पानं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बरं म्हणाली. पुढच्या शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी म्हटलं की तिचा अभ्यास मागे पडलाय, आता दिवाळीपर्यंत नको. अभ्यास काही मागे पडला नव्हता, ताई. चाळीस पानं वाचून, प्रश्न सोडवून उठेपर्यंत संध्याकाळ होते आणि भाजेला जायला वेळ उरत नाही, एवढाच त्या चाळिसाचा हिशेब. तू आकाशबरोबर तिच्यासाठी काकड्या पाठवत राहिलीस, मी त्या कापून तिला देत राहिले, आणि कुणी दिल्या ते सांगितलं नाही.

आणि तिने वाचली गं. सात आठवडे, रोज चाळीस. रुसली नाही, रडली नाही, पुस्तक लपवलं नाही. वहीत खुणाच खुणा. मी गटावर टाकलं तेव्हा त्या पुण्याच्या बाईने विचारलं, कसं जमवता हो? दोन दिवस मी हवेत होते. मग गुरुवारी दुपारी पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं, मी मितूजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, आज मला काहीतरी वाचून दाखव, तुला आवडेल ते. तिने वही ओढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, किती पानं?

मी म्हटलं, किती नाही, असंच. तिला ते कळलं नाही. तिने पुस्तक उघडलं, दोन शब्द वाचले, तिसऱ्याला अडली. आणि तिने मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं. विहारात ती ओळीकडे बघत होती. इथे माझ्या ओठांकडे बघत थांबली, मी शब्द कधी देते म्हणून. मी देणार नव्हते, मनाशी घट्ट ठरवलं होतं. पण तिची मान ताणली गेली आणि मी दिला. सगळं समजून-उमजून दिला. मग तिने पुढचं वाचलंच नाही, वहीत एक पान असं लिहिलं आणि खूण करून मला दाखवली.

आता हे पत्र कशासाठी ते लिहिते. मितू आकाशबरोबर आलीच आहे. वर्षावास संपायच्या पौर्णिमेला बारा दिवस उरलेत, तोवर तिला तुझ्याकडे ठेव. किती वाचायचं ते तिचं ती आणि शालूबाई बघतील, वही मी पाठवलेली नाही. मावशीकडे जायचंय म्हटल्यावर तिने पाच मिनिटांत पिशवी भरली. तू कधी येणार असं मला विचारलंसुद्धा नाही, आणि ते मला लागलं, हेही लिहून टाकते. मला यायचंय, ताई. एका संध्याकाळी, दाराबाहेर नाही, आत, बायकांमध्ये बसून ऐकायचंय. शब्द अडला तरी तोंड उघडणार नाही, वाटलं तर पदर कोंबून बसेन. पण आधी तू तिला विचार, आई आलेली चालेल का. ती नको म्हणाली तर मला तसंच कळव, गोड करून सांगू नकोस, मी येणार नाही. तू म्हणशील, पोटची पोर आहे, तूच का नाही विचारलंस? सकाळी दोनदा ओठांवर आलं होतं. पण मी विचारलं असतं तर ती लगेच हो म्हणाली असती. मी सांगते ते सगळं ती करते.

तुझीच,
प्रतीक्षा