डाव्या भिंतीमागचे घर

मी, विल्हेल्मिना जोसेफीन टॅर्नोव्स्की, वय एकोणऐंशी, राहणार एरी, पेनसिल्व्हेनिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे हृदय कमजोर झाले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके कमजोर झाले आहे असे अजून कोणी म्हटलेले नाही. ज्याला म्हणायचे असेल त्याने समोर येऊन म्हणावे. हे मी कोणाच्या धाकाने, लोभाने किंवा आग्रहाने लिहीत नाही. आग्रह पुष्कळांनी केला, पण तो सगळा उलट दिशेने होता. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे या लेखाने रद्द झाली असे समजावे.

माझे पती लिओ आता हयात नाहीत. मुलगा एकच, रेमंड.

कलम १. माझा अंत्यविधी साधा असावा. जेवणाला लिओच्या पद्धतीचे सॉसेज आणि कोबीचे रोल असावेत. विकतचे आणलेत तर लोक मला नव्हे, तुम्हाला नावे ठेवतील. कोणीही दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. ही अट मी स्वतः हयातभर पाळली नाही, त्यामुळे तिचे मोल मला ठाऊक आहे. आमच्या लॅम्पलायटर्स या बेसबॉल संघाची जुनी, एरीची टोपी घालून कोणी आले तर त्याला पुढच्या बाकावर बसवावे. त्याच संघाची नव्या शहराच्या नावाची टोपी घालून कोणी आले तर टोपी दारात काढून घ्यावी आणि माणसाला आत घ्यावे.

कलम २. लिओच्या मटणाच्या दुकानातले सुरे, कानस आणि ओकचा ठोकळा रेमंडला द्यावा. बँकेतली सर्व शिल्लक आणि गाडीही त्यालाच. माझी पुस्तके आमच्या वस्तीच्या वाचनालयाला द्यावीत. समासातले माझे शेरे खोडू नयेत. काही लेखकांना उत्तर मिळायलाच हवे होते.

मागच्या पडवीत कॉफीचा एक डबा आहे. त्यात तांबूस माती आहे. शेवटच्या सामन्यानंतर लोक पाने-पकडी घेऊन मैदानातल्या खुर्च्या उचकटत होते तेव्हा लिओने गोलंदाजाच्या उंचवट्यावरून ती भरून आणली. त्यातली निम्मी त्याने हौसेने टोमॅटोच्या वाफ्यात घातली. ती चिकणमाती, पायाखाली घट्ट बसण्यासाठी आणलेली. टोमॅटोंनी तिच्यात मान टाकली. तरीही त्याने वाफा बदलला नाही. "पुढच्या वर्षी येतील," म्हणायचा. आमच्या संघाबद्दलही तो हेच म्हणायचा. उरलेली माती माझ्या अस्थींबरोबर पुरावी.

कलम ३. १९९१ च्या शरदात आमचा संघ उचलून वाळवंटातल्या एका शहरात नेणारे जे मालक होते, त्यांचे नाव या घरात घेतले जात नाही आणि या कागदावरही येणार नाही. त्यांना किंवा त्यांच्या वारसांना मी काहीही ठेवत नाही. ते काही मागणार नाहीत हे मला माहीत आहे. पण देण्याचा अधिकार असताना न देणे यातही एक समाधान असते, आणि या वयात मी ते सोडणार नाही.

तेव्हा काय काय झाले हे तरुण माणसांना सांगून खरे वाटत नाही. कोणी तेलाच्या पिंपात टोप्या जाळल्या. कोणी चर्चमध्ये जाऊन बसले. मी संघाच्या कचेरीसमोर पावाच्या गाडीच्या टपावर उभी राहून भाषण केले आणि माझी मैत्रीण डोलोरेस फिच खालून ओरडत राहिली, "मिना, मोठ्यांदा! वरच्या मजल्यावर ऐकू जात नाहीये, आणि चोर वरच बसलेत!" सामानाचे ट्रक तरीही गेले. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतले लोक त्या दूरच्या शहरातले सामने रेडिओवर ऐकत, आवाज इतका बारीक ठेवून की शेजाऱ्याला कळू नये. शेजारीही तेच करत होता.

कलम ४. आता घराविषयी. बाकीचे सगळे या कलमासाठीच लिहिले आहे.

माझे घर जुन्या मैदानाच्या डाव्या भिंतीला लागून आहे. मैदान पाडले, भिंतीचा एक तुकडा उरला, तो माझ्या परसाची हद्द आहे. त्या जागी आता नवे मैदान बांधायचे ठरते आहे. आरेखन करणाऱ्यांनी कागद कसाही फिरवला तरी डावी बाजू माझ्या स्वयंपाकघरातून जाते. सक्तीने घर घ्यायचे नाही असा महापालिकेने ठराव केला आहे. म्हणून बांधणाऱ्या कंपनीचा माणूस दर महिन्याला फळांची टोपली घेऊन येतो. मी नाही म्हणते. मागच्या खेपेला तो माझ्या काठीकडे बघून म्हणाला, "आम्हाला घाई नाही, बाई." फळे चांगली होती. वाक्य नासके होते.

नवे मैदान हवे आहे ते डुलुथच्या ऑटर्स या संघासाठी. त्यांच्या मालकाला एरीत यायचे आहे. घर मिळाले तर ते येतील. नाही मिळाले तर मालकाने एरीत येण्यासाठी केलेला करार पुढच्या वसंतात संपतो आणि ऑटर्स डुलुथमध्येच राहतात. म्हणजे दोन शहरांचे भांडण माझ्या चुलीवर येऊन बसले आहे.

रेमंडचे म्हणणे मी येथे प्रामाणिकपणे नोंदवते, कारण ते हलके नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणानंतर ताटे धुताना तो म्हणाला, "आई, संघ नेला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. मला काय वाटलं ते तू पाहिलंयस."

"पाहिलंय."

"मग माझ्या मुलांना ते मिळू नये? संध्याकाळी जेवून उठावं, कोट घालावा आणि चालत सामन्याला जावं. त्यांनी हे कधी केलेलंच नाही, आई. हे सुखच त्यांना माहीत नाही."

"ते डुलुथच्या मुलांचं आहे, रे."

"आपलं नेलं तेव्हा त्या वाळवंटातल्या एका तरी बाईनं असा विचार केला?"

"नाही केला," मी म्हणाले. "म्हणून तर मी तिला अजून शिव्या घालते."

तो हसला, पण ताट त्याने जरा जोरात ठेवले.

डोलोरेस तर बिल्ला लावून हिंडते: ऑटर्सना घरी आणा. घरी! मी विचारले, "कुणाच्या घरी गं? त्यांना घर आहे."

"तुझं तत्त्वज्ञान तुझ्या पुस्तकांना सांग," ती म्हणाली. "माझे गुडघे गेलेत, नवरा गेला, अर्धी गल्ली गेली. मरायच्या आधी मला एकदा त्या भिंतीमागून गर्दीचा आवाज ऐकायचाय. टोपीवर काय लिहिलंय ते मी वाचणारसुद्धा नाही, माझा चष्मा जुना आहे."

मी तिला आणखी कॉफी ओतली आणि शेवटचा शब्द तिला दिला. ही गोष्ट क्वचित घडते, म्हणून लिहून ठेवते.

मग फेब्रुवारीत डुलुथहून एक गृहस्थ आले, आर्व्हिड हकाला नावाचे. बंदरावरच्या नोकरीतून निवृत्त झालेले, बसने आलेले, दारात टोपी हातात घेऊन उभे. मला वाटले विनवणी करायला आले. मी म्हटले, "बसा, पण रडायचं असेल तर आधी कॉफी घ्या."

ते म्हणाले, "रडायला नाही आलो, बाई. भिंत बघायला आलोय. तुमच्या पोरी-बायका भिंतीवरून आमचे चेंडू परत फेकायच्या ना, ते मी रेडिओवर ऐकलेलं. समालोचक म्हणायचा, 'आला बघा, एरीनं परत पाठवला.' आम्ही घरी चिडायचो आणि हसायचोही."

"तुमच्याकडे परत नाही फेकत?"

"फेकतो तर! तुमच्याकडूनच शिकलो असं आमचा म्हातारा म्हणायचा. मी त्याला सांगायचो, गप बस, एरीवाल्यांकडून शिकण्यासारखं काय असणार."

मी त्यांना परसात नेले. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. घर विकू नका, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही. जाताना एवढेच म्हणाले, "आमच्याकडेही तळ्यावरचा वारा असाच आहे. एप्रिलमध्ये बोटं गोठतात."

आमच्या गल्लीची ती रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या फलंदाजाने भिंतीपलीकडे मारलेला, म्हणजे होम रनचा, चेंडू ज्याच्या परसात पडेल त्याचा. पाहुण्या संघाचा चेंडू पडला तर तो त्याच क्षणी भिंतीवरून आत परत फेकायचा. ठेवायचा नाही, विकायचा नाही, मुलाला खेळायला द्यायचा नाही. रेमंड नऊ वर्षांचा असताना ऑटर्सचाच एक चेंडू आमच्या वाफ्यात पडला. कोरा, पांढरा, त्याने तो सदऱ्यात लपवला. भिंतीपलीकडे हजारो लोक "परत! परत!" ओरडत होते. लिओ त्याच्यापुढे उकिडवा बसला. ना रागावला, ना हात पुढे केला.

"छान आहे?"

"हो."

"आपला आहे?"

रेमंडने चेंडू सदऱ्यातून बाहेर काढला. मग त्याने तो स्वतः फेकला. पहिल्यांदा भिंतीला आपटून खाली आला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा लिओने त्याला खांद्यावर घेतले. पलीकडून जो आवाज उठला, तसा आमच्या होम रनलाही कधी उठला नाही.

मी पुष्कळ वाचले आहे. रोमन सैन्य एखाद्या शहराला वेढा घालायचे तेव्हा त्यांचे पुजारी तटाबाहेर उभे राहून आतल्या देवालाच आमंत्रण देत: या लोकांना सोडून आमच्याकडे ये, तुला मोठे देऊळ बांधून देऊ. संघांच्या मालकांना मी हेच बोलताना ऐकले आहे, फक्त देवळाऐवजी ते मैदान म्हणतात. मला नेहमी तटाच्या आतल्या माणसांचा विचार येतो. सकाळी उठून ती रिकाम्या गाभाऱ्यापुढे उभी असतील. मी त्यांच्यापैकी एक आहे. माझ्यावर अन्याय झाला म्हणून तोच अन्याय करण्याचा परवाना मला मिळत नाही. उलट, तो कसा असतो हे मला माहीत आहे. मला "कल्पना नव्हती" असे म्हणता येणार नाही. डुलुथच्या एखाद्या बाईने गाडीच्या टपावर उभे राहून ज्यांना चोर म्हणावे, त्यांच्यात माझे शहर नसावे.

म्हणून माझी इच्छा अशी: हे घर, परस आणि भिंतीचा तुकडा यांसह, मी आमच्या वस्तीतल्या मुलामुलींच्या बेसबॉल मंडळाला देत आहे. त्यांनी ते कपड्यांसाठी, सामानासाठी, पावसात थांबण्यासाठी वापरावे. दुसऱ्या गावातून उचलून आणलेल्या संघाच्या मैदानासाठी ते कधीही विकू, भाड्याने देऊ वा बदलून घेऊ नये. परंतु एरीत कधी नवा संघ उभा राहिला, ज्याच्या सदऱ्यावर आधी कोणत्याही गावाचे नाव नव्हते, तर त्याच दिवशी हे घर त्याला एका डॉलरला द्यावे आणि खुशाल पाडावे. पहिली पहार डाव्या बाजूने, स्वयंपाकघरात मारावी. ओट्याची मला कधीच फारशी माया नव्हती.

कलम ५. परसातल्या पेटीत आमच्या फलंदाजांनी मारलेले, आमच्या वाफ्यात पडलेले चेंडू आहेत. ते रेमंडच्या मुलांना द्यावेत. त्यांनी त्यांच्याशी खेळावे. काचेत ठेवू नयेत.

कलम ६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी माझा मुलगा रेमंड याची नेमणूक करते. वकील म्हणाले, "बाई, ज्याचं यात नुकसान आहे त्याच्याच हातात किल्ली देता?" होय. त्याला हे पटणार नाही. तो चिडेल, एखादे ताट फोडेल. आणि मग तो हे सर्व अक्षरशः पार पाडेल. मी त्याला भिंतीवरून फेकताना पाहिले आहे. रे, यावेळी खांद्यावर घ्यायला तुझे वडील नाहीत, पण तू आता उंच झाला आहेस.

कलम ७. माझी मैत्रीण डोलोरेस फिच हिला मी काहीही ठेवत नाही. हा राग नव्हे. वकील सांगतात की साक्षीदाराने या कागदातून काही घेऊ नये, आणि माझ्या शेवटच्या कागदावर मला तिचीच सही हवी आहे. तिने सही केली नाही तरी चालेल. मग दुसरा कोणी शोधावा. गर्दीचा आवाज तिला देता आला असता तर मी दिला असता. मुलांचा आवाज लहान असतो, पण शनिवारी सकाळी तिने माझ्या परसात खुर्ची टाकावी. चष्मा जुना असला तरी चालेल.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी आज येथे सही करत आहे.

विल्हेल्मिना जे. टॅर्नोव्स्की
एरी, पेनसिल्व्हेनिया
१२ मार्च २०२४

साक्षीदार:

१. वेंडेल ऑस्ट्रो, औषधविक्रेता. श्रीमती टॅर्नोव्स्की यांनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीवर होत्या आणि मला सरळ बसायला सांगत होत्या.

२. डोलोरेस फिच. सगळं वाचलं, दोनदा. मला अजून पटलेलं नाही आणि बिल्ला मी काढलेला नाही. तिनं माझ्यासमोर सही केली, मी तिच्यासमोर केली. शनिवारी खुर्ची मी माझी आणीन. तिच्या खुर्च्या आधीपासूनच डुगडुगतात.