एका मित्राचा थकवा

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून पुन्हा रोजनिशी. निवृत्त माणसाला शिस्त हवी.

काम आलं आहे. एका संस्थेची हेल्पलाइन. लोकांनी फोन करायचा, बटण दाबायचं आणि लैंगिक आरोग्यातल्या शब्दांचे अर्थ ऐकायचे. आवाज माझा. आयुष्यभर रेडिओवर बातम्या वाचल्या, ते वाया गेलं नाही. संस्थेच्या डॉक्टरीणबाईंच्या वडिलांना माझा आवाज अजून आठवतो. मी हयात आहे हे मात्र त्यांना माहीत नव्हतं.

विषय कळल्यावर जरा थबकलो, पण क्षणभरच. मी पुढारलेला माणूस. शब्द म्हणजे ध्वनी, ध्वनीला कसली लाज?

हिला एवढंच सांगितलं की आरोग्याबद्दल काहीतरी वाचायचं आहे. ती 'बरं' म्हणाली आणि शिवणयंत्राकडे वळली.

संकल्प: सकाळी आवाजाचा रियाज. चहा कमी. चिडचिड बंद.

४ फेब्रुवारी
रियाज झाला नाही. अंग जड. घसा सारखा कोरडा पडतो, हवाच तशी आहे. तांब्याभर पाणी पितो आणि मग रात्रभर उठत बसतो. म्हणून तर बाहेरच्या खोलीत झोपतो. तिथून बाथरूम जवळ. शिवाय हिला उकडतं, पंखा पाचवर लागतो, आणि मला वारा सोसत नाही. दोन वर्षं ही व्यवस्था उत्तम चालली आहे. लग्न मुरलं की माणसाला सोयीचं महत्त्व कळतं.

चहा कमी करण्याचं सोमवारपासून.

५ फेब्रुवारी
मजकूर आला. डॉक्टरीणबाईंनी स्वतः लिहिलाय. माहिती चोख, भाषा फारच घरगुती. बसून सुधारला. 'पाळी' काढून 'ऋतुस्राव' घातलं. 'शरीरसंबंध'च्या जागी 'समागम'. अवयवांची नावं जिथे जिथे आली तिथे 'गुप्तांग', म्हणजे एकसूत्रीपणा राहतो.

संध्याकाळी बाईंचा फोन. सगळं पुन्हा पहिल्यासारखं. म्हणाल्या, समागम ऐकून लोकांना वाटेल कुठे संमेलन भरलंय. आणि 'गुप्त' हा शब्द सबंध मजकुरात कुठेही नको, गुप्त ठेवण्यापायीच तर आजार वाढतात. मी वाद घातला नाही. मोठेपणा म्हणतात तो हाच.

९ फेब्रुवारी
पहिलं रेकॉर्डिंग. रेकॉर्डिस्ट एक मुलगी आहे, कानांवर वाट्यांएवढे हेडफोन. मला काका म्हणते. रेडिओवर मला सगळे सर म्हणायचे.

'गर्भनिरोधक' झालं, 'कंडोम' झालं, 'हस्तमैथुन' झालं (त्याने अशक्तपणा येत नाही. शाळेत आम्हाला याच्या बरोबर उलट सांगितलं होतं. कितीतरी काळजी फुकट गेली). मुलीचं म्हणणं, काका, बातम्यांसारखं वाटतंय. 'असुरक्षित संबंध' असं वाचताय की जणू किनाऱ्यावर धोक्याचा इशारा दिलाय. जरा हसून वाचा. हसून वाचलं. तिने ऐकलं, हेडफोन काढला, म्हणाली, नको, आधीचंच ठेवू.

'संमती'चं कलम विचार करायला लावणारं आहे. गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे. घरात हिच्या गप्प राहण्याला मी आजवर होकारच धरत आलो. पडद्यांचा रंग. सुट्टीत कुठे जायचं ते. झोपण्याची व्यवस्था. याचा एकदा नीट विचार करायचा. सवडीने.

१२ फेब्रुवारी
आज 'रजोनिवृत्ती'. फार सुंदर शब्द, एका दमात म्हणता येतो. बारा महिने पाळी आली नाही की तिला रजोनिवृत्ती म्हणायचं. आजार नव्हे, शरीराचा टप्पा. एकदम अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, योनीला कोरडेपणा येणं, त्यामुळे संबंधांच्या वेळी दुखणं. याच्यावर उपाय आहेत आणि ते मागायला संकोच करू नये.

'अंगातून वाफा' वाचताना पंखा आठवला. म्हणजे ही पंखा हौसेने लावत नाही तर. मला हे तिने सांगायला हवं होतं. कदाचित सांगितलंही असेल. बातम्यांच्या वेळी सांगितलं असेल तर मी जबाबदार नाही.

उद्या तिच्याशी मोकळेपणाने बोलायचं. आता सगळी परिभाषा हाताशी आहे.

१३ फेब्रुवारी
तिचं काम चालू होतं, कुणाच्या तरी कोटाचं अस्तर. कामात अडथळा नको म्हणून थांबलो. तिने चहा आणून दिला तेव्हा विचारलं, तुला उकडतं का. म्हणाली, पंखा लावू का. मी म्हणालो, नको.

सुरुवात झाली, असं म्हणायला हरकत नाही.

१६ फेब्रुवारी
पुढचं पान पाहिलं. एक शब्द अवघड आहे. उच्चाराला तसा सोपा, तरी अवघड.

घरीच तालीम करावी म्हणून बाहेरच्या खोलीत उभा राहिलो. लिंगताठरता. लिंगताठरतेची अडचण. पहिल्यांदा बरा गेला, दुसऱ्यांदा घशात अडकला. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा आतलं शिवणयंत्र बंद पडलं. बराच वेळ बंदच होतं. दोरा तुटला असावा.

१७ फेब्रुवारी
माइक खराब होता. वाक्य सुरू चांगलं व्हायचं आणि नेमक्या त्या शब्दावर आवाज खोल जायचा. मुलीने माइक बदलला. मग वायर बदलली. मग म्हणाली, काका, चहा घेऊन या.

बाहेर डॉक्टरीणबाई भेटल्या. मी आपला त्या कलमाविषयी बोलत राहिलो. कधीमधी तसं होणं अगदी सामान्य आहे, पण वारंवार होत असेल तर तपासून घ्यावं. मधुमेह, रक्तदाब, रक्तवाहिन्यांचा विकार यांची ती पहिली खूण असू शकते. कधी मनावरचा ताणही असतो. मी म्हणालो, छान लिहिलंय, लोकांना उपयोग होईल. मग सहज विषय निघाला म्हणून सांगितलं की माझा एक मित्र आहे.

बाईंनी विचारलं, मित्राला तहान फार लागते का. रात्री उठावं लागतं का. दिवसा गळून गेल्यासारखं होतं का.

विचारून सांगतो, म्हणालो.

परत आत गेलो तर मुलीने सांगितलं, आज राहू द्या.

१८ फेब्रुवारी
दिवसभर मित्राचाच विचार. बिचारा. माझ्याच वयाचा, माझ्याच क्षेत्रातला. दोन वर्षांपूर्वी एकदा झालं, मग पुन्हा झालं, मग त्याने पुन्हा कधी होऊच नये अशी तजवीज केली. अंथरूण हलवलं. हे काही पळून जाणं नव्हे. अब्रूदार माणूस दुसरं काय करणार? बायकोला त्याने कारण वेगळंच सांगितलं, आणि तिने ते मानलं. म्हणजे काही बोलली नाही.

तपासणी करायला त्याला सांगायलाच हवं. कडक शब्दांत.

दुपारी झोपलो तो संध्याकाळपर्यंत. उठलो तेव्हा अधिकच थकवा.

२० फेब्रुवारी
मजकुरात एक वाक्य आहे की अशा गोष्टी जोडीदाराशी बोलाव्यात. मित्राला ते जमणारं नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून वाटलं, एका बाईचं याबाबतीत काय मत पडतं ते आधी पाहावं. जेवणानंतर ही खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होती. मी वर्तमानपत्र उघडून धरलं आणि त्याच्या आडून मित्राची हकीकत सांगितली. नाव सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. अंथरुणाचं सांगितलं. तो अवघड शब्दही म्हटला, वर्तमानपत्रात असल्यासारखा.

ती बराच वेळ दोरा ओवत राहिली. मग म्हणाली, "तुमच्या मित्राला सांगा, त्याच्या बायकोला त्याने दिलेलं कारण कधीच पटलं नव्हतं. तिला वाटलं, आपली पाळी गेली तशा आपण त्याच्या मनातूनही गेलो."

तिला राग आलेला दिसत नव्हता. दमल्यासारखी बोलली. आणखीही सांगितलं, हळूहळू. की त्या बाईला दुखायचं, पण ती बोलली नव्हती. की ती एकटीच डॉक्टरांकडे जाऊन मलम घेऊन आली होती. की ते मलम कपाटात पडून राहिलं आणि त्याची मुदत संपून गेली.

मी वर्तमानपत्र खाली केलं. म्हणालो, निरोप देतो.

जन्मभर शब्दांवर पोट भरलेला माणूस.

२३ फेब्रुवारी, दुपार
निर्णय घेतला. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. एकटाच. मित्रबित्र काही नाही, सरळ स्वतःविषयी बोलायचं. वाक्य रस्त्यात तयार केलं: डॉक्टर, गेली दोन वर्षं मला लिंगताठरतेची अडचण आहे. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी. बाकावर बसून मनात घोकलं. शेजारी एक आजोबा खोकत होते, समोर एक बाई बाळाला थोपटत होती. मी शांत होतो.

आत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? मी म्हणालो, थकवा.

त्यांनी नाडी पाहिली, वय झालं आता असं काहीतरी बोलले आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. थकवा हेही खरंच आहे, खोटं काही बोललो नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
हिने विचारलं, काय काय सांगितलंत. म्हणालो, सगळं. तिने चिठ्ठी वाचली. उलटी करून मागची बाजूही पाहिली. मग यंत्रावरचं कापड बाजूला सारलं, चप्पल घातली आणि दार उघडून उभी राहिली. मी कारणं सांगत होतो. दवाखाना बंद होईल, डॉक्टर वैतागतील, गोळ्या सुरू तरी करून पाहू. ती नुसती उभी.

डॉक्टरांच्या समोर तिने एका वाक्यात सांगितलं. आवाज चढवला नाही, पाडला नाही. कुणाच्या बाहीचं माप सांगावं तशी. डॉक्टरांनी मान वर केली नाही, नुसतं विचारलं, कधीपासून. मी तोंड उघडलं, तोवर तिने तेही सांगितलं. मग तहानेचं सांगितलं, रात्रीच्या उठण्याचं, दुपारच्या झोपेचं, पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं त्याचं. मी बारीक झालोय हे मला व्यायामामुळे वाटत होतं. व्यायाम अजून सुरू व्हायचा आहे, हे खरं.

मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिलो.

डॉक्टरांनी व्हिटॅमिनच्या गोळ्यांवर रेघ मारली आणि रक्ताची तपासणी लिहिली. उद्या उपाशीपोटी.

२४ फेब्रुवारी
लॅबच्या बाकावर ती शेजारी बसली होती. कोपरात कापूस दाबून धरलेला. गप्प बसवेना म्हणून म्हणालो, माझा तो मित्र म्हणत होता की...

"त्याला आता घरी जाऊ द्या," ती म्हणाली. "दमला असेल."

२६ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. साखर बरीच वाढली आहे. माझी.

डॉक्टर म्हणाले, आधी साखर आटोक्यात आणू, रक्तदाब आणि हृदयही पाहून घेऊ, बाकीचं मग. बाकीचं सुधारू शकतं, त्यावर औषधंही आहेत, पण पूर्वीसारखं होईलच असं वचन देता येत नाही. त्या बाजारू गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका, असंही बजावलं. माझ्या मनात आल्या होत्या हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. हिनेही तिथल्या तिथे आपल्या मलमाचं विचारून घेतलं. मला वाटलं होतं मी शरमेने मरेन. मेलो नाही.

हेल्पलाइनचाही फोन आला. तो शब्द असलेलं कलम बाईंनी स्वतःच्याच आवाजात करून टाकलं. बाकीचीही बरीचशी कलमं. चाचणीत लोक माझा आवाज ऐकून फोन ठेवून देत होते, म्हणजे घाबरून. 'कृपया थोडा वेळ थांबा' एवढं माझं ठेवलंय. मुलगी म्हणाली, ते तुम्ही फार मनापासून म्हणता, काका.

संकल्प काही नाही.

१ मार्च
गादी आत नेली. पंखा पाचवर. मी मफलर बांधून झोपतो.

काल दुपारी दोघं पडलो होतो. झालं काही नाही. काही होईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं. ती आपला पाय माझ्या पायावर टाकून झोपली. थोड्या वेळाने माझ्या पायाला मुंग्या आल्या. मधुमेहात पायाला मुंग्या येतात, आल्या तर लगेच कळवा, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलंय.

या वजनाने आल्या असाव्यात. कळवलं नाही. पाय हलवला नाही.