परक्याची खुर्ची

सोमवार, ४

आज सकाळी डॉक्टरबाईंनी मान तिरकी करून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, अगदी असाच चेहरा हवा होता. त्या क्षणी माझं सगळं बदललं, असं मी इथे ठणकावून लिहून ठेवतो. या चेहऱ्याचं आजवर कुणी कौतुक केलेलं नाही. तिनंसुद्धा नाही. 'चिडलास की बरा दिसतोस' असं ती एकदा म्हणाली होती, ते मी कौतुकात धरून चाललो होतो. मग तिच्यावरून शेरा मारणाऱ्या एकाचं मी भर वर्गात नाक फोडलं, कॉलेज सुटलं, आणि ती म्हणाली, तुझ्याबरोबर आयुष्य काढायचं की नाही ते मला नीट ठरवू दे. अजून ठरवतेय. तोवर निदान नोकरी तरी असावी हातात, म्हणून मावशीकडे येऊन राहिलोय.

नोकरी काय, तर परका. चेष्टा नाही, हुद्दाच तो. मेंदूच्या आजारांवर संशोधन करणारी संस्था आहे. फरशी इतकी चकचकीत की आपल्याच बुटांची लाज वाटते. इथे असे पेशंट येतात ज्यांना घरची माणसं दिसतात, कोण आहेत तेही कळतं, पण ती आपली वाटत नाहीत. बायको म्हणते, हा नवऱ्याचं सोंग घेऊन आलेला कुणीतरी आहे. डॉक्टरबाईंनी समजावलं की डोळ्यांकडून ओळखीकडे जाणारी वाट शाबूत असते, मायेकडे जाणारी तुटलेली असते. पेशंटच्या बोटांना तारा लावतात. आपलं माणूस समोर आलं की तळव्याला बारीक घाम येतो, आपल्याला कळतही नाही, पण पडद्यावरची रेघ उसळते. यांची उसळत नाही. आणि ती किती सपाट आहे हे ताडून बघायला एक पक्का परका लागतो. तो खुर्चीत येऊन बसतो, बघतो, जातो. फोटोवर भागत नाही, जिवंत तोंड लागतं.

नियम एकच. पेशंटशी बोलायचं नाही, हसायचं नाही. ओळख झाली की परका वाया गेला.

तारा जोडणारा मला 'या, परकेसाहेब' म्हणतो. मावशी म्हणाली, गप्प बसायची नोकरी? आणि तुला? दोन दिवसांत हाकलतील.

गुरुवार, ७

हाकललेलं नाही. मावशीला दोनदा ऐकवलं.

सगळ्यात जास्त वेळ शिवणकाकूंपुढे बसतो. आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले बाईंनी. डोक्यातली एक गाठ काढल्यापासून मुलगा परका झालाय. मुलगा बस चालवतो, चांगला धिप्पाड गडी, ड्यूटी संपली की तसाच खाकी कपड्यांत येतो. त्या त्याला अहो-जाहो करतात. अहो, तुम्ही रोज कशाला त्रास घेता, माझा मुलगा आला की तो बघेल काय ते. आणि तो तिथेच, समोर, हातात तिची औषधं घेऊन.

उपचार असा: काकूंच्या कपाळाच्या बाजूला तारेची एक चपटी गुंडाळी धरतात, तिच्यातून टकटक झटके जातात, आणि ते चालू असताना मुलानं समोर बसायचं. तुटलेली वाट त्याच्याच चेहऱ्यावर सांधली जावी म्हणून. मग गुंडाळी बंद, आणि माझी पाळी. रेघ त्यालाही सपाट, मलाही सपाट. डॉक्टरबाई म्हणतात, धीर धरा. तो धरतो. मला त्याचा धीर बघवत नाही.

सोमवार, ११

तिचा निरोप आला! येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, म्हणजे २४ला येते, ठरलंय माझं, तोंडानंच सांगेन. एवढंच. हो की नाही, याचा एका अक्षरानं पत्ता नाही. मी जिन्यावरून उड्या मारत खाली गेलो आणि वर येताना एकेक पायरी मोजत आलो. नाही म्हणायला कुणी एवढा प्रवास करून येतं का? तिचा भरवसा नाही. ती तेवढ्यासाठीही येईल.

मंगळवार, १२

माती खाल्ली.

काकूंचा उपचार चालू होता, मी काचेबाहेर माझ्या पाळीची वाट बघत होतो. काकूंनी मुलाला शांतपणे विचारलं, खरं सांगा, माझ्या पोराला मारून त्याचे कपडे घातलेत का तुम्ही? त्यानं मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, खांदे हलायला लागले.

माझं डोकं फिरलं. दार ढकलून आत गेलो, त्याला बाजूला सारलं, काकूंचे खांदे धरले आणि कपाळाला कपाळ भिडवून ओरडलो, अहो हा तुमचाच आहे! याला ओळखत नाही, मग मला ओळखता का?

गुंडाळी चालूच होती. टकटक माझ्याही कपाळाला जाणवली.

काकूंनी बघितलं. तोंड उजळलं. म्हणाल्या, तुला नाही ओळखणार? कुठे होतास रे इतके दिवस?

आणि रेघ उसळली. तारा जोडणारा 'अरे देवा' म्हणाला.

बुधवार, १३

वाटलं होतं, बाई लाथ घालतील. तासभर ती उसळलेली रेघच पुन्हा पुन्हा बघत बसल्या. मग म्हणाल्या, झालं ते वाईट झालं, पण वाट जिवंत आहे हे तरी कळलं, आता ती तुझ्यावरून मुलाकडे वळवू. रोज तू आणि तो शेजारी शेजारी बसा.

बसलो. काकू माझाच हात धरून बसल्या. त्यांनी मुलासाठी एक सदरा शिवून ठेवला होता, तो मला घालायला लावला. ड्रायव्हर माझ्या दीडपट आहे. सदरा मला अंगचा असल्यासारखा बसला. डावा खांदा जरा उतरता आहे माझा, तेवढाही उतार दिलेला. काकू म्हणाल्या, लहानपणापासून तसाच आहे तुझा.

ड्रायव्हर सदऱ्याकडे बघत राहिला. माप त्याचंच घेतलं होतं म्हणे. गाठ काढायच्या आधी, आणि शिवलाही त्याच्यासमोर.

शनिवार, १६

मावशी आज विचित्र वागली. चहा दिला तो पाहुण्यांच्या कपात. मी म्हटलं, काय गं, एवढा मान कशाला? हसली नाही. संध्याकाळी कपाटाला कुलूप दिसलं. नोकरीवरून दोनदा ऐकवलं ते लागलं असेल. उद्या मनवतो.

रविवार, १७

मनवायला गेलो. ती मागे सरकली, भिंतीला टेकली. म्हणाली, तुम्ही हुबेहूब त्याच्यासारखे दिसता. आवाजही तोच काढता. पण मी त्याला कडेवर वाढवलाय हो. सांगा ना, त्याला कुठे ठेवलंय?

मी हसलो. मग ओरडलो. ओरडल्यावर तिनं कानांवर हात घेतले आणि म्हणाली, बघा, हेसुद्धा तसंच करता.

मंगळवार, १९

बाबा आले. मावशीनं बोलावलं. जिना चढतानाचा खोकला ऐकला आणि मला रडूच आलं. म्हटलं आता हे एक कानाखाली देतील आणि सगळं ताळ्यावर येईल.

दिली नाही. नमस्कार केला. बसा म्हणाले.

गुडघ्यावरची खूण दाखवली, त्यांच्याच सायकलवरून पडल्याची. वाकून बघितली. मावशीला हळूच म्हणाले, ही पण केलीय. केवढी मेहनत घेतलीय यानं.

बुधवार, २०

बाईंकडे धावलो. त्या म्हणाल्या, बिघाड डोक्यात असतो रे, चेहऱ्यात नसतो, दोघांना घेऊन ये.

पोराचा पत्ता लागेल या आशेनं दोघंही आले. आधी मावशीला तारा लावल्या. बाबा समोर बसले, रेघ वर. शेजारीण व्हिडिओ कॉलवर दिसली, रेघ थोडी वर. मी बसलो.

सपाट.

मग बाबांना लावल्या. सपाट. बाई यंत्राला टपल्या मारत होत्या. मग थांबल्या. माझ्याकडे बघेनात.

बाईंना मी अजून तसाच वाटतो, तारा जोडणाऱ्यालाही. वाटणारच. त्यांचा होतोच कधी मी कोण?

गुरुवार, २१

गुंडाळी लावा, बाबांना लावा, मला लावा, म्हणून पाया पडलो. बाई म्हणाल्या, निरोगी डोक्याला मी हात लावणार नाही. आणि कुणाचंच डोकं बिघडलेलं नाही —

ड्रायव्हर जिन्यात भेटला. म्हणाला, आई काल पोटभर जेवली, तुझं नाव काढून. त्यासाठी तुझे पाय धरावेसे वाटतात. आणि त्याचसाठी गळा दाबावासा वाटतो. मग बाजूच्या पायरीवर बसला. आम्ही दोघं बसून राहिलो. 

शुक्रवार, २२

पोलिसांचा माणूस चौकशीला आला होता. बाबांनी त्याला माझा फोटो दिला. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं. हाच की, म्हणाला. बाबा म्हणाले, तसंच वाटतं सगळ्यांना.

तिलाही कळवलंय त्यांनी. येतेच म्हणाली.

ती ओळखेल. बाकी जाऊ दे. ती भांडायची माझ्याशी, भांडणात खोटेपणा चालत नाही — ती ओळखेल —

शनिवार, २३

आरशापुढे उभा होतो. मी मला ओळखतो. बराच वेळ बघितलं, खात्री करून घेतली. तळवे कोरडे होते —

नको.

रविवार, २४

आली.

बाहेरच्या खोलीत आहेत तिघं. मी आत, ओट्यापाशी. बाबा म्हणतात, याला सोडू नका, तो कुठे आहे ते यालाच ठाऊक.

तिनं मला बघितलं. एकदाच. खुर्ची मागे घेतली. पायांचा आवाज झाला खुर्चीच्या —

मग रडली. माझ्याकडे पाठ करून, माझ्यासाठी. म्हणाली, तुम्ही कोण, का करता, मला काही नको. फक्त त्याला एवढं सांगा. उत्तर हो होतं. पहिल्यापासून होच होतं. त्याचा राग जरा निवू दे म्हणून थांबले, एवढंच. नाहीतर आधीच —

हो म्हणाली.

ओरडणार होतो. तोंड उघडलं होतं. तिचा खांदा दिसला, आक्रसलेला, मी आता ओरडेन म्हणून — मिटलं.

म्हटलं, सांगतो त्याला.

ती वळली. हात जोडले मला. घेऊन या ना त्याला. तुम्ही घेऊन या, कुणी काही विचारणार नाही तुम्हाला.

म्हटलं, आणतो. माझ्या आवाजात म्हटलं. तिनं डोळे मिटून घेतले तेवढ्यापुरते.

बाबा म्हणाले, जाऊ द्या, जाऊ द्या त्याला. वही घेतली. चपला. मावशीनं वाट दिली, भिंतीला लागून.

पायरीवर उभ्यानं लिहितोय. दार मीच ओढून घेतलं, हळू, न आपटता. आतून कडी लागली. कुठून सुरू करायचं — कुणाला विचारायचं, असा असा एक मुलगा पाहिलात का —

आत ती विचारतेय, आणेल ना हो हा? मावशी म्हणतेय —