पहिला सूर तिच्या घरी

२ फेब्रु., रवि.
आज चर्चमध्ये उपासनेत विजयने देवाने बरं केल्याची साक्ष दिली. उभं राहून, स्वतःच्या तोंडाने. दिवाळीत त्याला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. तीन महिन्यांत परत! आमच्या ह्यांची वाचा तशाच झटक्याने जाऊन आठ महिने झाले. सगळ्या मंडळीने टाळ्या वाजवल्या. मी पर्समध्ये रुमाल शोधत बसले.
बाहेर त्याची बायको शालिनी गळ्यात पडली. "सुशीलाताई, देवाने ऐकलं हो!"
ऐकलं. अर्धी उपासना झाल्यावर येणारीचं. माझे आठ महिन्यांचे शुक्रवारचे उपास कुठे गेले?

५ फेब्रु.
हे सारखे डोक्यावरून हात फिरवतायत. ही विजयची खूण, त्याचं टक्कल. त्याला भेटायला ठाकुर्लीला जायचंय. म्हटलं, माझे पाय दुखतात. खोटं.
इतकी वर्षं मंडळीत पेटी घेऊन गाणारा माणूस. आणि दुसऱ्याचा आवाज परत आला म्हणून चेहरा असा खुललेला! मला एवढं मोठं मन का नाही दिलंस, प्रभू?

८ फेब्रु.
विजयच रिक्षा घेऊन आला, ह्यांना घेऊन गेला. मी कपड्यांचं निमित्त काढून घरी.
पाचला शालिनीचा फोन, नुसती किंचाळत होती. "ताई, दादा गायले! मी किचनमध्ये गुणगुणत होते, तर बाहेरून 'प्रभू माझा'… दोनच शब्द, पण स्वच्छ!"
हे घरी आले. म्हटलं, म्हणा ना. म्हणा. ओठ हलले. ब… ब… इतकंच.
मोरीत नळ सोडून रडले. आनंदाने असं लिहिणार होते. नाही.

९ फेब्रु., रवि.
डोकं दुखतं म्हणून निरोप दिला, उपासनेला गेले नाही. दुपारी पाळकसाहेब आले.
"देव उशीर करत नाही, सुशीलाबाई. वाट पाहायला शिकवतो."
"मग तिला का नाही शिकवलं?"
बिचारे चहा पीत राहिले. जाताना ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. माझ्याही. मी डोळे उघडेच ठेवले.

११ फेब्रु.
ह्यांचं बोलणं सुधारायला येतात त्या थेरपीच्या मॅडमना फोन केला. म्हणाल्या, काही जणांचं बोलणं अडतं पण गाताना शब्द येतात. रोज कुणीतरी सोबत गायला हवं.
माझा गळा फुटका. लग्नापासून हे गायले, मी ऐकलं.
शालिनीला फोन करायला दोन तास लागले. "ये गं आमच्याकडे. गायला." लगेच म्हणाली, "परवा येते."

१३ फेब्रु.
आली. तीन गाणी म्हणाली. सुरेल गाते, मेली. हे नुसते ऐकत. एक शब्द नाही.
आणि मला, क्षणभर, बरं वाटलं. तिच्यानेही झालं नाही म्हणून. नवऱ्याची वाचा अडकलीय आणि मला बरं वाटलं! क्षमा कर. कुणाला सांगू हे.
चौथं गाणं सुरू करणार, तेवढ्यात ह्यांनी माझं मनगट धरलं. माझ्याकडे बोट. शालिनी म्हणाली, "ताई, तुम्हाला म्हणायला सांगतायत."
म्हटलं. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. हे हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शब्द नाही आला.
शालिनी गेल्यावर परत मनगट धरलं.
परत म्हटलं. ओठ हलत होते, माझ्या मागोमाग. आवाज अजून नाही.