फोटोची उजवी बाजू

प्रिय शिवराज,

उजव्या हाताचं प्लास्टर परवा काढलं. बोटं अजून वळत नाहीत, म्हणून अक्षर वाकडं आहे. डाव्या डोळ्यापुढे काळा डाग राहिलाय. तो राहणारच, असं डॉक्टर म्हणाले. तुझी वहिनी, प्रेरणा, भाकर दुधात कुस्करून देते आणि मी खात असताना ती भिंतीकडे बघत बसते.

गुलबर्ग्याला आपण एका खोलीत राहायचो, तेव्हा तू बसस्टँडवर दिवसदिवस माणसांचे फोटो काढायचास. कोण कुठं टेकतं, कोण सावली धरतं, बाया गाठोडी कुठं ठेवतात. माणूस जागा कशी वापरतो त्यावरून तो कोण ते कळतं, असं सांगायचास. यंदा उन्हाळ्यात तू गावी आलास आणि आपल्या स्टँडवरच्या लिंबाच्या कट्ट्याचे फोटो काढलेस. रोज संध्याकाळी, समोरच्या चहाच्या टपरीतून. मग आमच्या घरी येऊन ते जमिनीवर ओळीनं मांडलेस. कट्ट्यावर तुमची माणसं, कुत्रं, एकदा कुणाची तरी उसाची मोळी. बऱ्याच फोटोंत मी होतो आणि प्रत्येकात उभा होतो. खांबाला टेकून, बसची वाट बघत. माझे अप्पाही तसेच उभे राहायचे. बसू नको असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. आम्ही बौद्धवाड्यातले तिथं बसतच नाही, हे मला तुझ्या फोटोंत पहिल्यांदा दिसलं. तू फोटो गोळा करून निघून गेलास.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून आलो आणि बसलो.

तुझे वडील टपरीतून उठून आले. "कामून बसलास रे?" म्हणाले. मी म्हणालो, "पाय दुखायलेत, अण्णा." खरंच दुखत होते, दिवसभर वजनकाट्यावर उभा होतो. ते हसले. "मग पायाचंच औषध करू की," म्हणाले, आणि पहिली काठी गुडघ्यावर बसली. मग आणखी दोघे आले. डोकं झाकलं तर हातावर मारलं. केस धरून तोंड दगडावर आपटलं. चहा पिणारे चहा पीत राहिले. ओरडायला माझ्यात श्वास नव्हता, म्हणून दोन काठ्यांच्या मध्ये तुझ्या कॅमेऱ्याचा आवाज ऐकू आला. तू जवळ जवळ येत होतास. एकदा अगदी माझ्या तोंडाशी गुडघे टेकलेस. मला वाटलं, उचलायला आलास.

तरी मनात म्हटलं, निदान पुरावा झाला.

ठाण्यात तुझ्या वडिलांनी सांगितलं, हा मोटारसायकलवरून पडला. टपरीवाल्यानं तेच सांगितलं. तू सांगितलंस, कॅमेरा त्या दिवशी घरी होता. बाप आहे, मला कळतं. मग आम्ही कोर्टात गेलो. प्रेरणा भांडली, तरी मी इतके दिवस तुझं नाव काढू दिलं नाही.

काल तिनं मोबाईलवर तुझ्या प्रदर्शनाची पत्रिका दाखवली. रविवारी, गुलबर्ग्यात. पत्रिकेवर मीच आहे. ओठ फाटलेला, डोळा सुजून मिटलेला, मागं लिंबाचं खोड. खाली फक्त 'कट्टा' असं लिहिलंय. चांगला आलाय, शिवराज. उजेड बरोबर पडलाय. पण फोटो उजवीकडे कापलाय. तिथं काठी होती, काठीवर मूठ होती, मनगटात तुझ्या वडिलांचं चांदीचं कडं होतं. मला तो भाग पाहिजे. सोमवारी कोर्टात तारीख आहे, अख्खा फोटो घेऊन ये. आणि रविवारी मी येतोय. त्या फोटोच्या उजवीकडे खुर्ची टाकून बसणार आहे. येईल त्याला, इथं काय होतं ते सांगणार आहे. तुझे वडील उद्घाटनाला येतीलच. त्यांना म्हणेन, अण्णा, जरा मनगट पुढं करा.

अजून तरी तुझाच,
नागसेन