पाण्याखालचा अंगठा

९ जानेवारी, जळकोट
वहिनींच्या मैत्रिणीनं स्टेटस ठेवलंय. कॅरिबियन का काय तिकडं, अख्खं कुटुंब पाण्याखाली. पाठीवर सिलिंडर, भोवती मासे. सासूसुद्धा. वहिनींनी जेवताना तो फोटो सगळ्यांना दाखवला, दादाला दोनदा. दादा म्हणाला, "तिकडं जाऊन यीस्तर ज्वारी काढून, मळून, खाऊन संपंल." शेवटी मालवण ठरलं. तिथंबी स्कूबा असतंय. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला जोडून.
वहिनींची धाकटी बहीण येणार आहे येरमाळ्याहून. अ. पूर्ण नाव लिहायला गेलो की अक्षर बिघडतं.
मला काय. येऊ दे.
(खोटं.)

१२ जानेवारी
अ. हुरड्याला आली. दादाच्या डोक्यात आलं, स्कूबाची प्रॅक्टिस आपल्याच विहिरीत करू. सकाळी पाणी कोमट, वर वाफ. वहिनींच्या पाठीला रिकामा कॅन बांधला, तरी पायरी सोडेनात. मी काठावरून सूर मारला, तळातला गाळ मुठीत घेऊन वर आलो. मुद्दाम उशिरा. आमच्याकडं पोहणं म्हणजे दम धरणं. जो जास्त वेळ खाली तो पैलवान.
अ. पायरीवर बसून हुरडा खात होती. म्हणाली, "एवढा दम आहे, मग कॉलेजात दुसऱ्याच वर्षी कसा काय संपला?"
वहिनी हसल्या. दादापण. मी ओल्या अंगानं तसाच घरी आलो. हुरडा खाल्ला नाही. आता भूक लागलीय, पण कुणी विचारेना.

१६ जानेवारी
वहिनी भाकरी थापता थापता आईला सांगत होत्या. अ.ला पुण्याचं स्थळ आलंय. कंपनीत आहे म्हणे. आठ फेब्रुवारीला, रविवारी बघायला येणार. अ. हो म्हणाली नाही, नाहीपण म्हणाली नाही. "तिच्या मनात काय हाय ते येरमाळ्याच्या येडाईलाच ठावं," वहिनी.
गोठ्यात जाऊन बादलीला लाथ मारली. फुटली. दादाला सांगितलं, म्हशीनं फोडली. म्हैस नुसती बघत राहिली माझ्याकडं.
ठरलं. मालवणात विचारायचं. इथं घरात जमायचं नाही, आणि रविवार उलटल्यावर विचारून उपयोग काय.

२४ जानेवारी, मालवण
पहाटे निघालो. आईला पाण्यात उतरायचं नाही, "पण तुम्ही बुडालात तर बघायला कुणीतरी पायजे की," म्हणून आली. बरोबर धपाटे, शेंगाची चटणी. घाटात अ.ला मळमळायला लागलं. सोलापूरपासून खिशात लिंबू होतं तिच्यासाठीच, ते दिलं. वास घेत डोळे मिटून बसली. थँक्यू नाही. लिंबूपण परत नाही.
संध्याकाळी समुद्र. आईनं आधी हळदकुंकू वाहिलं, मग बोट बुडवून चाखलं. "आगं, खरंच खारट हाय की!" जणू इतकी वर्षं कुणी फसवत होतं.
अ. हसली. मी बघितलं ते तिनं बघितलं.

२५ जानेवारी
लिहू वाटत नाही. तरी लिहितो.
बोटीतून नेलं. काळे रबरी कपडे, दादाचं पोट त्यात मावेना. गाईडनं शिकवलं: नाकानं नाही, तोंडातल्या नळीनं श्वास. घ्यायचा, सोडायचा, कधीच धरायचा नाही. मी सवयीनं धरला. त्यानं पाठीत थाप मारली. परत धरला. परत थाप. खाली बोलता येत नाही म्हणून खुणा: अंगठा न् बोट जुळवून गोल केला की ठीक. बाकीच्यापण सांगितल्या. माझं लक्ष कुठं होतं ते सांगायला नको.
अ. आणि मी एकदमच उतरलो, प्रत्येकामागं एक गाईड. खाली गेल्यावर सगळे आवाज बंद. फक्त स्वतःचा श्वास. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे तिच्या हातापाशी. तिनं माझ्याकडं बघून गोल केला. काचेतून डोळे हसत होते. माझ्या आयुष्यात इतकं चांगलं काही...
मी अंगठा दाखवला. एकदम झकास, या अर्थानं. गाईडनं मला उचललं आणि वर चालला. मी जोरात हात हलवून परत अंगठा. तो आणखी भरभर. दोन्ही हातांचे अंगठे! थेट उजेडात.
वर आल्यावर भडकलो. "एवढ्यात वर का आणलं?" तो म्हणाला, "तुमीच सांगितलात ना, वर चला. अंगठो म्हणजे वर." मी ढकललं त्याला. बोटीतले सगळे बघायला लागले. दादानं मला धरलं, त्याची माफी मागितली.
अ. नंतर वर आली. बघितलं, तोंड फिरवलं. जेवताना चटणीसुद्धा आईकडून मागून घेतली, माझ्यापुढं होती तरी.

२६ जानेवारी
सकाळी गाईडला शोधून माफी मागितली. तो जाळ्याची गाठ सोडवत होता. "रोज कोण ना कोण तसाच करता," म्हणाला, आणि गाठीचं एक टोक माझ्या हातात दिलं. धरून उभा राहिलो.
परत येताना अ. वाळूत बसलेली. आई दूर शिंपले गोळा करत होती.
"काल खाली काय म्हणायचं होतं तुम्हाला?"
"मस्त."
"आणि सांगितलं काय, तर वर न्या." वाळूत बोटानं रेघ ओढली. "तुमचं नेहमीचंच आहे. मनात एक असतं, हातून दुसरंच."
"तोंडात नळी होती."
"आता आहे का?"
मी म्हणालो, "त्या पुण्यावाल्याला हो म्हणू नका."
"हा हुकूम आहे का?"
"नाही. विचारतोय."
"मग विचारा ना."
विचारलं. सरळ. शब्द लिहीत नाही.
तिनं वाळूतली रेघ पुसली. मग म्हणाली, "दीदीला मधे घालायचं नाही. आमच्या आप्पांना तुम्ही येऊन सांगायचं. ते टोचून बोलतील. तुमचा आवाज चढला तर विषय तिथंच संपला."
"आणि तुमचं उत्तर?"
"मी आत्ताच दिलं तर त्याच जोरावर तुम्ही आप्पांशी भांडाल."
आई आली, पदरात शिंपले. "काय बोलायलाव रं?"
"मासे," अ. म्हणाली.

४ फेब्रुवारी
येरमाळ्याला जाऊन आलो. एकटा, एसटीनं. घरी सांगितलं, धाराशिवला काम आहे.
आप्पा ओसरीवरच होते. चहा दिला. मी सांगितलं सगळं, पाठ केलेलं निम्मं विसरून. त्यांनी मधे एकदापण थांबवलं नाही. तेच अवघड गेलं.
"सध्या काय करता?"
"दादाबरोबर शेती बघतो."
"दादा शेती बघतात. तुम्ही दादांना बघता." चहाचा घोट घेऊन, "पोरगी बीएड करायली. अन् तुम्ही अर्ध्यात उठून आलेले. उद्या संसारातनंबी उठाल."
कान तापले. बशी खाली ठेवली, हळू. म्हणालो, "तुम्हाला तसं वाटणार. बरोबर आहे."
"परत कॉलेजला जाणार का?"
हो म्हणणं सोपं होतं. म्हणालो, "अजून ठरलं नाही. खोटं कशाला सांगू?"
त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, आल्यापासून पहिल्यांदा.
"पुण्याच्या लोकांना शब्द दिलाय, ते रविवारी येणार. तुम्हीबी या. सोयरे आहात. खुर्च्या मांडायला, पाहुण्यांशी चार शब्द बोलायला माणूस लागतंय."
आत भांडी वाजत होती, ती थांबली. मी "बरं" म्हणालो आणि उठलो.
बसमधे सगळा वेळ तेच. अपमान केला का परीक्षा घेतायत? का खरंच माणूस लागतंय?

७ फेब्रुवारी
घरात कळलं. वहिनींना आप्पांचाच फोन आला.
दादा म्हणाला, "जाऊ नको विक्या. त्या पोराला पाणी द्यायला लावतील तुला. तुझं डोकं फिरलं की आमची सोयरीकबी जाईल."
वहिनी म्हणाल्या, "जावा भाऊजी. न्हाय गेलात तर परत कुठल्या तोंडानं जाल?"
आई ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "जायाचं तर शर्टाला इस्त्री करून जा."
दुपारी अ.चा मेसेज. वाळूतल्या बोलण्यानंतरचा पहिलाच. ‘खुर्च्या शेजारून आणायच्यात. लवकर या.’ एवढंच. दहादा वाचला. खुर्च्यांपलीकडं काही सापडलं नाही, आणि काहीच नाही असंही वाटत नाही.
सकाळच्या गाडीनं निघणार. पाहुण्यांना पोहे असणार. प्लेट माझ्यापुढंपण आली तर खायचे का नाही, तेवढं अजून ठरेना.